प्रश्न वाचकांचे : प्रोसेसर नवा, करार जुना

संगणकाच्या प्रोसेसरविषयी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन मागील अंकात केले होते. ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे येथे थोडक्यात देऊन त्यांची उत्तरे दिली आहेत. सदराच्या प्रथेप्रमाणे पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : तुर्भ्याच्या मसाला बाजारात आमचा गाळा आहे. बिले आणि खतावणीसाठी फॉक्सप्रोमध्ये करून घेतलेला डॉसवरचा प्रोग्रॅम आम्ही पेंटियमच्या काळापासून वापरतो. संगणक बदलत गेले, पण प्रोग्रॅम प्रत्येकावर चालला. यंदा घेतलेल्या संगणकावर मात्र तो उघडतच नाही. ‘हे ॲप तुमच्या पीसीवर चालू शकत नाही’ एवढाच संदेश येतो. संगणक बसवणारा मुलगा म्हणतो, प्रोसेसर चौसष्ट बिटांचा असल्यामुळे असे होते. नव्या प्रोसेसरला जुन्याइतकेही कळू नये, हे कसे? (एक व्यापारी, तुर्भे)

उत्तर : मुलाचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. आपल्या प्रोग्रॅममधील जवळजवळ प्रत्येक आज्ञा नवा प्रोसेसर आजही ओळखतो. घोडे अडते ते दुसरीकडे, आणि ते कोठे हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

साठच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत नवे यंत्र घेतले की बहुधा प्रोग्रॅमही नव्याने लिहावे लागत. खुद्द आयबीएमचीच यंत्रे एकमेकांचे प्रोग्रॅम चालवू शकत नसत. ७ एप्रिल १९६४ रोजी या कंपनीने ‘सिस्टीम ३६०’ ही यंत्रमालिका जाहीर केली. मालिकेतील लहानमोठ्या यंत्रांची किंमत आणि वेग यांत जमीनअस्मानाचे अंतर असले, तरी सर्वांना एकच आज्ञासंच समजत होता. जीन ॲमडाल, गेरिट ब्लाउ आणि फ्रेड ब्रुक्स या रचनाकारांनी प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला यंत्र कसे दिसते आणि ते आतून कसे बांधलेले असते, या दोन गोष्टी एकमेकींपासून तोडल्या. पहिल्या गोष्टीला त्यांनी आर्किटेक्चर म्हटले. तो एक करार आहे असे समजावे. आज्ञा कोणत्या, रजिस्टर (प्रोसेसरच्या आत आकडे ठेवण्याचे कप्पे) किती, मेमरीतील पत्ता कसा लिहायचा, हे त्यात ठरलेले असते. ते पाळून आत काय करायचे, याची कारखान्याला पूर्ण मोकळीक असते.

आपल्या प्रोग्रॅमचा करार जून १९७८ मधील आहे. इंटेलचे सारे लक्ष तेव्हा एका महत्त्वाकांक्षी प्रोसेसरकडे होते आणि त्याला उशीर होत होता, म्हणून स्टीफन मोर्स यांच्याकडून मधल्या काळापुरती सोय म्हणून ८०८६ ची रचना करून घेण्यात आली. त्यात २९,००० ट्रान्झिस्टर होते. त्याचे रजिस्टर सोळा बिटांचे (बिट म्हणजे ० किंवा १ असा एक अंक), म्हणजे त्यात ६५,५३६ वेगवेगळे पत्तेच मावणार. पण मेमरी तर एक मेगाबाइटपर्यंत हवी होती. त्यावर तोड काढली ती अशी की एका संख्येला सोळाने गुणायचे, त्यात दुसरी मिळवायची आणि येणारी बेरीज हा खरा पत्ता मानायचा. ही युक्ती कोणाला फारशी आवडली नाही, परंतु ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने आपल्या पीसीसाठी ८०८८ हा त्याच कुळातला प्रोसेसर निवडला आणि त्यावर प्रोग्रॅमांचा ढीग साचत गेला. ज्याची वाट पाहिली जात होती तो महत्त्वाकांक्षी प्रोसेसर १९८१ मध्ये आला खरा, पण तो चालला नाही. तात्पुरती सोय मात्र अजून टिकून आहे.

पुढे १९८२ च्या ८०२८६ मध्ये इंटेलने जास्त मेमरी हाताळणारी एक नवी पद्धत आणली, पण तीत डॉसचे प्रोग्रॅम चालत नसत. शिवाय एकदा तीत शिरले की प्रोसेसर नव्याने सुरू केल्यावाचून बाहेर पडण्याची वाट नव्हती. ही चूक १९८५ च्या ८०३८६ मध्ये सुधारण्यात आली. बत्तीस बिटांच्या या प्रोसेसरमध्ये प्रत्येक डॉस प्रोग्रॅमसाठी स्वतंत्र, आभासी ८०८६ उभा करण्याची सोय होती. आपला प्रोग्रॅम विंडोज ९५ पासून बत्तीस बिटांच्या विंडोज १० पर्यंत टिकला, तो या सोयीच्या जोरावर.

चौसष्ट बिटांकडे जाताना इंटेलने ह्युलेट-पॅकार्डच्या साथीने जुना करार बाजूला ठेवला आणि २००१ मध्ये पूर्णपणे नव्या आज्ञासंचाचा इटॅनियम आणला. कागदावर ती रचना देखणी होती. पण जुने प्रोग्रॅम तीवर रडतखडत चालत, आणि ग्राहकांनी पाठ फिरवली. एएमडीने उलटा विचार केला. जुन्या करारालाच चौसष्ट बिटांची पुरवणी जोडून तिने एप्रिल २००३ मध्ये ऑप्टेरॉन बाजारात आणला, आणि पुढच्याच वर्षी इंटेलला ही प्रतिस्पर्ध्याची पुरवणी स्वीकारावी लागली. त्या पुरवणीत एक कलम मात्र गळले : प्रोसेसर चौसष्ट बिटांच्या अवस्थेत असताना आभासी ८०८६ उभा करता येत नाही. मायक्रोसॉफ्टनेही चौसष्ट बिटांच्या विंडोजमध्ये त्याला पर्याय दिला नाही, आणि विंडोज ११ ची बत्तीस बिटांची आवृत्तीच नाही. गंमत अशी की बटण दाबल्यावर आपला नवा प्रोसेसर पहिले काही क्षण १९७८ च्या ८०८६ सारखाच वागतो. त्यानंतर त्याला चौसष्ट बिटांत नेले जाते आणि विंडोज चालू असेपर्यंत तो तेथेच राहतो. हे जुने रूप काढून टाकण्याचा प्रस्ताव इंटेलने २०२३ मध्ये मांडला होता. २०२४ च्या अखेरीस तोही सोडून देण्यात आला.

आता उपाय. डॉसबॉक्स-एक्स हा मोफत प्रोग्रॅम जुना प्रोसेसर सॉफ्टवेअरमध्येच उभा करतो आणि त्यात आपली बिले बहुधा चालतील. खरी कटकट डॉट मॅट्रिक्स प्रिंटरची असेल, तेव्हा छपाई जमते का हे आधी पाहून घ्यावे. त्याहीआधी डीबीएफ या नावाने शेवट होणाऱ्या सर्व फायलींची प्रत दुसऱ्या ठिकाणी काढून ठेवावी. या फायली लिबरऑफिसमध्ये उघडतात, त्यामुळे प्रोग्रॅम बंद पडला तरी खतावणी हातची जाणार नाही. एक खबरदारी : आज्ञेचा अर्थ बदलणार नाही एवढेच हा करार सांगतो, तिला किती वेळ लागेल हे सांगत नाही. टर्बो पास्कल या जुन्या साधनाने लिहिलेले कित्येक प्रोग्रॅम सुरू होताना प्रोसेसरचा वेग मोजत, आणि पुढे प्रोसेसर इतके वेगवान झाले की त्या मोजणीतला भागाकारच कोलमडून प्रोग्रॅम ‘रनटाइम एरर २००’ देऊन बंद पडू लागले. असे काही आढळले, तर डॉसबॉक्समध्ये वेग कमी करण्याची सोय आहे.

प्रश्न : मी पदविका अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रयोगशाळेत आम्हाला ८०८५ चे किट दिले जाते. १९७६ चा प्रोसेसर आज शिकण्यात अर्थ आहे का? आणि किटवर २०५० हा पत्ता देताना आधी ५० आणि मग २० असा उलटा का टाकावा लागतो, हे विचारले तर ‘तसेच असते’ एवढेच उत्तर मिळते. (एक विद्यार्थिनी, ऐरोली)

उत्तर : आधी दुसरा प्रश्न घेऊ, कारण तो पहिल्यापेक्षा चांगला आहे. दोन अंकांची बेरीज आपण किटवर केलीच असेल : ३ई, ०५, ०६, ०३, ८०, ३२, ५०, २०, ७६. यातील प्रत्येक जोडी म्हणजे एक बाइट. पहिल्या दोन बाइटांनी ‘ए’ रजिस्टरमध्ये पाच येतात, पुढच्या दोहोंनी ‘बी’मध्ये तीन, ८० म्हणजे बेरीज, ३२ म्हणजे उत्तर मेमरीत ठेवणे, ७६ म्हणजे थांबणे. ३२ नंतर येणारे ५० आणि २० हे आपले कोडे.

त्याचे मूळ टेक्सासमधील सॅन अँटोनियो येथे आहे. तेथील कॉम्प्युटर टर्मिनल कॉर्पोरेशन या कंपनीने १९७० मध्ये ‘डेटापॉइंट २२००’ नावाचे टर्मिनल जाहीर केले. त्याचा प्रोसेसर सुट्या चिपांचा होता आणि तो एका वेळी एकच बिट हाताळत असे. मेमरीतूनही बिटे एकामागोमाग एक बाहेर पडत. बेरजेत हातचा एककाकडून दशकाकडे जातो, म्हणून संख्येचा खालचा भाग आधी हाती येणे अशा यंत्राला सोयीचे होते. हाच आज्ञासंच एका चिपवर बसवून देण्याचे काम इंटेलने घेतले; पण त्या कंपनीने ती चिप वापरलीच नाही, आणि इंटेलने ती १९७२ मध्ये ८००८ या नावाने बाजारात आणली. तिच्यानंतर १९७४ मध्ये ८०८० आणि १९७६ मध्ये ८०८० चेच सुधारित रूप असलेला ८०८५ आला. यांपैकी कोणालाही एकेक बिट हाताळण्याची गरज नव्हती, तरी क्रम तोच राहिला. ८०८६ ने तो पुढे नेला आणि आज आपल्या लॅपटॉपमधील प्रोसेसरही संख्येचा खालचा बाइट आधी ठेवतो. त्या टर्मिनलची सोय त्याच्या वारसांत अशी उरली आहे.

राहिला पहिला प्रश्न. ८०८५ शिकण्यात गैर काही नाही. सुमारे साडेसहा हजार ट्रान्झिस्टरांचा, केवळ पाच व्होल्टच्या एकाच पुरवठ्यावर चालणारा हा प्रोसेसर चाळीस पिनांसह अथपासून इतिपर्यंत समजून घेता येतो. आजचा कोणताही प्रोसेसर एका माणसाला तसा समजणे अशक्य आहे. तक्रार करायचीच तर अभ्यास तेथेच थांबतो याबद्दल करावी. आज्ञांची ‘आण, उलगड, कर’ ही साखळी किटवर पक्की झाली की एखादा साधा, एकसारख्या लांबीच्या आज्ञांचा संच शिकावा. रिस्क-फाइव्ह या अशाच खुल्या आज्ञासंचाचे सिम्युलेटर फुकट मिळतात. घरच्या साध्या लॅपटॉपवर काम भागते. तेथेही खालचा बाइट आधीच असतो, हे जाता जाता सांगतो.

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो आहे. माझा मोबाइल दिवसभर चालतो आणि गरमही होत नाही; लॅपटॉपचा पंखा मात्र घरघरत असतो. मोबाइलमध्ये ‘एआरएम’ असते म्हणून असे होते, असे नातू म्हणतो. हे काय प्रकरण आहे? (एक ज्येष्ठ वाचक, नौपाडा, ठाणे)

उत्तर : नातवाने योग्य दिशा दाखवली आहे, पण कारण तेवढेच नाही.

सत्तरच्या दशकात आज्ञासंच फुगत चालले होते. १९७७ च्या व्हॅक्स यंत्रात बीजगणितातील बहुपदीची किंमत काढण्याचीसुद्धा एक स्वतंत्र आज्ञा होती. आयबीएममध्ये जॉन कॉक यांच्या लक्षात आले की कंपायलर, म्हणजे माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या आज्ञांत उतरवणारी साधने, या थाटामाटाच्या आज्ञा क्वचितच वापरतात. बहुतेक काम मोजक्या साध्या आज्ञांवर चालते. बर्कलीचे डेव्हिड पॅटरसन यांनी तर व्हॅक्समधील एक गुंतागुंतीची आज्ञा त्याच यंत्राच्या साध्या आज्ञांनी बदलली, तर काम अधिक वेगाने होते, असे दाखवून दिले. स्टॅनफर्डमध्ये जॉन हेनेसी याच मार्गावर होते. थोड्या, साध्या आणि सारख्या लांबीच्या आज्ञांच्या या विचाराला रिस्क हे नाव मिळाले, आणि पॅटरसन व हेनेसी यांना २०१७ चा ट्युरिंग पुरस्कार त्यासाठीच मिळाला.

हा विचार केंब्रिजमधील एकॉर्न या छोट्या कंपनीने उचलला. सोफी विल्सन यांनी आज्ञासंच आखला, स्टीव्ह फर्बर यांनी चिपची रचना केली, आणि २६ एप्रिल १९८५ रोजी ‘एआरएम’ नावाची तयार चिप त्यांच्या हाती आली. तीत सुमारे २५,००० ट्रान्झिस्टर होते. त्याच वर्षीच्या ८०३८६ मध्ये २,७५,०००. फर्बर विजेचा वापर मोजायला बसले, तर मापक शून्य दाखवत होता आणि चिप तर चालत होती. चाचणीच्या पटावरील विजेची जोडणीच झालेली नव्हती. इतर पिनांवरून येणाऱ्या संकेतांतून झिरपणाऱ्या विजेवर चिपचे भागत होते. मुळात मोबाइलसाठी म्हणून ती कमी विजेची केलेली नव्हती. महाग वेष्टनाऐवजी स्वस्त प्लास्टिक वापरता यावे, म्हणून एका वॅटच्या आत राहायचे ठरले होते. काटकसरीने काम केल्यामुळे वापर त्याहून कितीतरी कमी भरला. नोव्हेंबर १९९० मध्ये ॲपल आणि व्हीएलएसआय टेक्नॉलॉजी यांच्या भागीदारीत एआरएम ही वेगळी कंपनी निघाली. तिने चिप बनवण्याऐवजी रचना आणि आज्ञासंच वापरण्याचे परवाने विकण्याचा मार्ग धरला. मोबाइलचे युग आले, तेव्हा कमी वीज खाणारा आणि परवान्यावर मिळणारा प्रोसेसर तयारच होता.

आता दुसरी बाजू. इंटेलच्या आज्ञांची लांबी एका बाइटपासून पंधरा बाइटांपर्यंत काहीही असते, त्यामुळे पुढची आज्ञा कोठे सुरू होते हे शोधण्यातच थोडी वीज खर्च होते. परंतु १९९५ च्या पेंटियम प्रोपासून इंटेलचे बहुतेक प्रोसेसर बाहेरून येणारी जुनी आज्ञा आत लहान, साध्या आज्ञांत फोडतात आणि त्या ज्या क्रमाने सोयीच्या पडतील त्या क्रमाने उरकतात. बाहेर दिसणारा निकाल तेवढा मूळ क्रमाचा असतो. म्हणजे आतून तेही बऱ्याच अंशी रिस्कच झाले. तेव्हा आपल्या लॅपटॉपच्या पंख्याला आज्ञासंचापेक्षा इतर कारणे अधिक जबाबदार आहेत : जास्त वेग, मोठी चिप, आणि पंखा आहेच म्हणून उष्णतेला दिलेली मुभा. मोबाइलला पंखा नसतो. तापू लागला की तो गुपचूप वेग कमी करतो आणि हलकी कामे छोट्या गाभ्यांकडे, म्हणजे त्याच चिपवरील लहान प्रोसेसरांकडे, सोपवतो, एवढेच.

ॲपलने २०२० मध्ये आपल्या संगणकांत एआरएम आज्ञासंचाचा स्वतःचा प्रोसेसर बसवला आणि जुने प्रोग्रॅम भाषांतर करून चालवले. यापूर्वी १९९४ आणि २००६ मध्येही तिने असाच प्रोसेसर बदलला होता. यंत्र आणि प्रणाली दोन्ही एकाच्या हाती असली की करार मोडणे परवडते. विंडोजच्या जगात हजार कारखाने आणि तितकेच जुने प्रोग्रॅम असल्यामुळे तेथे ही चाल अजून धिमी आहे.

प्रश्न : गेल्या वीस वर्षांत गिगाहर्ट्झचा आकडा फारसा का वाढला नाही? (एक वाचक, कळवा)

उत्तर : उष्णतेमुळे. १९८४ च्या पीसी-एटीचा प्रोसेसर ६ मेगाहर्ट्झवर चालत होता आणि २००४ मध्ये पेंटियम ४ ने ३,८०० मेगाहर्ट्झ गाठले. वीस वर्षांत सहाशे पटींहून अधिक वाढ. त्यानंतरच्या वीस वर्षांत ती दुपटीलाही पोचली नाही. ट्रान्झिस्टर लहान करताना व्होल्टेजही त्याच प्रमाणात कमी केले, तर तेवढ्याच जागेतील उष्णता वाढत नाही, हे रॉबर्ट डेनार्ड यांनी १९७४ मध्ये दाखवले होते, आणि सारी घोडदौड त्यावर चालली होती. व्होल्टेज एक व्होल्टच्या आसपास आल्यावर ट्रान्झिस्टर बंद असतानाही वीज गळू लागली आणि हे गणित फिसकटले. चार गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ इंटेलने ऑक्टोबर २००४ मध्ये रद्द केला. पुढच्या वर्षीपासून घरगुती संगणकांत एका चिपवर दोन गाभे येऊ लागले. गाभे वाढवल्याने सगळेच प्रोग्रॅम वेगवान होतात असे नाही. काम वाटून देता येत असेल तरच लाभ होतो, आणि ज्या कामात प्रत्येक पायरी मागच्या पायरीच्या उत्तरावर अवलंबून असते, तेथे आठ गाभ्यांपैकी सात बसूनच राहतात.

प्रश्न : भारताने स्वतःचा प्रोसेसर तयार केल्याच्या बातम्या वरचेवर येतात. त्यात खरे किती? माझ्या पुढच्या संगणकात तो असेल का? (एक शिक्षिका, पनवेल)

उत्तर : बातम्या खऱ्या आहेत, त्यांचे मथळे मात्र बहुधा फुगवलेले असतात. पूर्ण भारतीय संगणकाची परंपरा मुंबईतच सुरू झाली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने निर्वात नळ्यांचा टिफ्रॅक १९६० मध्ये कार्यान्वित केला. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संशोधन संस्थेने १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक उभारला, पण त्याचे प्रोसेसर ब्रिटनमधील इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर होते. अनेक प्रोसेसर एकमेकांना जोडण्याची ती रचना फार कल्पक होती. पुढे तिचा वंशच खुंटला आणि परमला पुढच्या पिढीत दुसऱ्या प्रोसेसरकडे वळावे लागले. दुसऱ्याच्या आज्ञासंचावर विसंबण्याची ही किंमत असते.

म्हणूनच २०१० मध्ये बर्कलीत जन्मलेल्या रिस्क-फाइव्हचे महत्त्व. हा आज्ञासंच कोणालाही परवाना शुल्क न भरता वापरता येतो. आयआयटी मद्रासच्या ‘शक्ती’ची आणि सी-डॅकच्या ‘वेगा’ची उभारणी त्यावरच झाली आहे. ‘शक्ती’ची एक चिप २०१८ मध्ये अमेरिकेत इंटेलच्या २२ नॅनोमीटर तंत्राने तयार झाली, दुसरी चंडीगडजवळच्या मोहालीतील सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत १८० नॅनोमीटर तंत्राने. आकडा जितका लहान, तितके तंत्र सूक्ष्म. हे दोन आकडेच खरी अडचण दाखवतात : रचना करणारे आपल्याकडे आहेत, पण अतिसूक्ष्म चिप घडवणारा कारखाना नाही. ऐरोलीच्या पुलापलीकडे फारशी दूर नसलेल्या पवईतल्या आयआयटीने ‘अजित’ हा प्रोसेसर स्पार्क या जुन्या, खुल्या आज्ञासंचावर रचला, कारण त्यासाठी कंपायलर आणि इतर साधने आयती उपलब्ध होती. इस्रोसाठी घडवलेल्या ‘विक्रम ३२०१’ मध्ये मात्र स्वतंत्र आज्ञासंच आहे. अग्निबाणात चालणारे प्रोग्रॅम इस्रोच लिहिते, त्यामुळे तेथे बाहेरच्या कोणाशी मेळ घालण्याची गरज पडत नाही.

आपल्या टेबलावरच्या संगणकात मात्र आपल्याला विंडोज, छपाई, शाळेचे सॉफ्टवेअर असे सगळेच चालायला हवे असते, आणि ते जुन्या करारावर लिहिलेले आहे. त्यामुळे भारतीय प्रोसेसर प्रथम नियंत्रक यंत्रे, संवेदक, मीटर अशा ठिकाणी दिसतील, जेथे एकाच कामाचा एकच प्रोग्रॅम असतो आणि १८० नॅनोमीटरची चिपही पुरते. पुढचा संगणक घेताना त्याची वाट पाहू नये.